वाळूचं माहेर कसं शोधायचं

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात. तिथली चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली की काळ्या कणांचाच भरणा दिसतो. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या काळ्या पाषाणातून उतरतात, दुसरं काय दिसणार! जड कणांवरून वाळूचं माहेर, म्हणजे ती कुठल्या खडकातून सुटली ते, ओळखायच्या सरावाला म्हणूनच ही वाळू बरी.

मोठ्या धोंड्याच्या आडोशाची वाळू उचला. पाणी तिथं मंदावतं, जड कण खाली बसतात. चहाच्या गाळणीतून गाळून फक्त बारीक घ्या. मग आजी तांदूळ रोळायची तसं परातीत रोळा. परात जराशी कलती, हाताला गोल झोका, हलके कण पाण्याबरोबर काठावरून सांडू द्यायचे. घाई केलीत तर जडही जातात. तळाशी काळी रेघ उरते, ती वाळवा. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. मी तसाच खुपसला होता. चिकटलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे काळं लोहखनिज, खरवडण्यात अख्खा रविवार गेला. चुंबकाला न चिकटलेले हिरवट-काळे आखूड तुकडे बहुतेक ऑजाइट या खनिजाचे. दोघंही बेसॉल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या पाषाणाच्या, घरचे.

आता वालुकाश्म, म्हणजे जुनी वाळू घट्ट होऊन झालेला दगड. मी बदामीकडून आणला, खाणीच्या कडेला टाकून दिलेला तुकडा. लेण्यांच्या दगडाला हात लावायचा नाही. खलबत्त्यात हलक्या हातानं ठेचा, वाटू नका. कण सुटे व्हायला हवेत, फुटायला नकोत. पुढं तीच परात.

कायनाइट, स्टॉरोलाइट ही खनिजं सापडली तर माहेर रूपांतरित खडकात, म्हणजे उष्णतेनं-दाबानं बदललेल्या खडकात. झिरकॉन या खनिजाचा कण बहुधा ग्रॅनाइटकडचा, पण दहापटीच्या भिंगात तो जेमतेम ठिपका. त्याला कॉलेजचा मायक्रोस्कोपच लागतो. तो गोटीसारखा गुळगुळीत असेल तर सावध! एखाद्या जुन्या वालुकाश्मातून सुटून पुन्हा प्रवासाला निघालेला असू शकतो.

ऑजाइट दिसला नाही म्हणून उगमाकडं बेसॉल्ट नव्हताच, असं मात्र ठोकून देऊ नका. गाडलेल्या थरातलं पाणी ऑजाइट, ऑलिव्हिन असली नाजूक खनिजं खाऊन टाकतं. झिरकॉन, टूर्मलीन, रूटाइल ही चिवट खनिजं टिकतात. निदान 200 पारदर्शक जड कण मोजा. त्यात या तिघांचाच भरणा असेल, तर बाकीचे वाटेत संपले असावेत असं धरून चाला.

आणि नमुना घ्यायचा तो नदीच्या पात्रातूनच, स्वतःच्या हातानं. सांगलीत एका बांधकामावरच्या ढिगात मला गुलाबी फेल्डस्पार, म्हणजे ग्रॅनाइटमधलं खनिज, दिसला. कृष्णेत ग्रॅनाइट कुठून आला, यावर वहीत दोन पानं सिद्धान्त लिहून झाला. वॉचमन बघत होता. म्हणाला, "सर, ही वाळू कर्नाटकातनं ट्रकनं आलीय."