911 च्या दुधाळ पडलेल्या पट्ट्या काळ्या केल्या

सेकंडहँड घेतलेल्या पोर्शे 911 च्या काचांभोवतीच्या चंदेरी पट्ट्यांवर दुधाळ डाग होते. पॉलिशने जाईनात, कारण पट्टी क्रोमची नाही, ॲनोडाइज्ड, म्हणजे वर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेल्या ॲल्युमिनियमची आहे. वॉशिंगवाल्यांचं जहाल अल्कलाइन केमिकल हा थर खातं. जोर लावून घासलं तर उरलासुरला थरही जातो.

नव्या पट्ट्यांचा खर्च ऐकूनच नाद सोडला. नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीतला रॅपवाला पोरगा, म्हणजे गाड्यांवर व्हिनाइलची रंगीत फिल्म चिकटवणारा, म्हणाला, "साहेब, ग्लॉस नका घेऊ, प्रत्येक ओरखडा दिसेल. सॅटिन ब्लॅक घ्या." पटलं. सॅटिन म्हणजे मंद चकाकीचं, ते शेजारच्या रबरात मिसळून जातं, चकचकीत ग्लॉस जरा मिरवतो.

निम्मा वेळ पुसण्यातच गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून पट्टी पुसली, पण रबराच्या फटीत साचलेलं जुनं वॅक्स निघता निघेना. ते राहिलं की कडा चिकटतच नाही. व्हिनाइल कापायला ब्लेड अजिबात नको, पट्टीला लागूनच गाडीचा रंग आहे! नाइफलेस टेपमध्ये दोरा असतो, तो ओढला की फिल्म सरळ कापली जाते. कडा रबराखाली खोचायची.

शेवटी हीट गनने कडा 95 ते 110 अंशांपर्यंत तापवल्या, म्हणजे ताणलेली फिल्म परत आकसत नाही. घाईत नेमकं हेच गाळलं जातं. आणि पाम बीच रोडच्या उन्हात कोपरे उचलले की शिव्या मात्र फिल्मला.

पावसाळ्यात मागच्या छोट्या काचेचा एक कोपरा उचलला होता. वाळवून, तापवून पुन्हा बसवला. मागचं नाव चंदेरीच ठेवलंय. बायको म्हणते तेही काळं करा, बघू.