द्राक्षवेलीचे मागचे डोळेही फुटावेत म्हणून

कोल्हापुरात परसात किंवा गच्चीवर द्राक्षवेल लावली की ठरलेली अडचण: ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या टोकाचे एक-दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) जोरात फुटतात, मागचे तसेच बसून राहतात. थंड देशांत कडक हिवाळ्यानंतर फूट बरीच एकसारखी येते, आपल्याकडे तेवढी थंडी नाही. बागायतदार सगळे डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, पण ते विषारी, घराजवळ अजिबात नको. काडी वाकवून सुतळीनं बांधली तरी काम भागतं.

१. परतीचा पाऊस पुरता उघडल्यावरच छाटा.

२. पेन्सिलीएवढी जाड, पिकून तपकिरी झालेली काडी कमानीसारखी वाकवा आणि टोक खाली आणून तारेला बांधा. हे दुपारी करा, सकाळच्या गारठ्यात काडी कडक असते. दोन्ही हातांनी, थोडं थोडं. कर्रकर्र आवाज आला की तिथंच थांबा, उरलेला बाक दुसऱ्या दिवशी द्या.

३. मधल्या डोळ्यांतून हिरवं टोक दिसलं की सुतळी सैल करा.

डोळे फुगल्यावर मात्र काडी वाकवायला जाऊ नका. बोट लागलं तरी ते गळतात.