पावसाआधी रंगांचं कपाट

क्रिस्टल व्हायोलेटसारख्या लॅबमधल्या रंगांची भुकटी जून ते सप्टेंबरात एकदाही उघडावी लागू नये, एवढ्यासाठी मे महिन्यातले दोन-तीन कोरडे दिवस राखून ठेवा. घरी सुकी मासळी, सोलं, मिरच्या भरून ठेवायची धांदल चालते तेव्हाच लॅबचंही पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, उरकायचं. पुढचं सगळं गोव्यातल्या उच्च माध्यमिक शाळा आणि कॉलेजातल्या लॅबसाठी आहे. तिथे वाफा आणि भुकटी बाहेर ओढून घेणारं फ्यूम हूड असेलच असं नाही, लॅब असिस्टंट बहुधा एकच असतो आणि रंगांचं कपाट हटकून पावसाच्या भिंतीला टेकलेलं असतं.

पहिल्या दिवशी सगळ्या बाटल्या बाहेर टेबलावर मांडा, पण उघडू नका. फक्त लेबलं वाचा. नावावर भिस्त ठेवू नये, कारण एकाच रंगाला चार नावं असतात. जेन्शियन व्हायोलेट लिहिलेल्या बाटलीत नेमकं काय आहे ते कलर इंडेक्सचा, म्हणजे रंगांच्या जागतिक यादीतला, आकडा पाहूनच ठरवावं. क्रिस्टल व्हायोलेट ४२५५५, मिथिलीन ब्लू ५२०१५, सॅफ्रॅनिन ओ ५०२४०, इओसिन वाय ४५३८०, मॅलाकाइट ग्रीन ४२०००. नोंदवहीत हा आकडा, लॉट नंबर, डाय कंटेंटची (भुकटीत खरा रंग किती त्याची) टक्केवारी आणि बाटली पहिल्यांदा कधी उघडली ती तारीख, एवढं हवंच. लेबल फाटलेलं असेल तर नवं पेन्सिलीने लिहा आणि वर पारदर्शक टेप पूर्ण गुंडाळा. मार्करची शाई स्पिरिटचा हात लागला की पुसली जाते, आणि उघड्या कागदाला आपल्याकडे ऑगस्टपर्यंत बुरशी तरी येते नाहीतर कसर तरी लागते. आत काय आहे ते ओळखता येत नाही अशी बाटली अंदाजाने नाव देऊन परत कपाटात जाऊ नये. ती थेट टाकाऊच्या खोक्यात.

या मांडामांडीत पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली सापडली तर हात आखडता घ्या. बाकीच्या भुकट्या कोरड्या ठेवायच्या, ही मात्र ओलीच हवी. पिवळा रंग म्हणून वापरली जाणारी ही वस्तू मुळात स्फोटक आहे आणि निदान ३० टक्के पाण्यात भिजलेली असते म्हणूनच ती बाटलीत गुमान राहते. जुन्या लॅबमधून मागच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेली बाटली असते, तिच्यातलं पाणी हळूहळू उडून गेलेलं असतं. काचेतून पाहा. स्फटिक सुके, भिंतीला चिकटलेले दिसले किंवा झाकणाच्या आट्यांवर पिवळी पूड दिसली, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका, खोली बंद करा आणि मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना लगेच लेखी कळवा. ते काम तज्ज्ञांचं. बाटली ओली आणि ठीक असेल तरी तिला धातूचं झाकण आणि धातूचा चमचा कधीच नाही, कारण धातूशी होणारे क्षार त्याहून सहज स्फोट पावतात. माझं मत विचाराल तर शाळेत ती असूच नये.

बाकीच्या रंगांबद्दल आपण जरा जास्तच निर्धास्त असतो. लहानपणी तोंड आलं की ते जांभळं औषध बोटाने लावलेलं असतं, त्यामुळे त्याच रंगाची भुकटी निरुपद्रवी वाटते. ते औषध पाण्यातलं फार पातळ द्रावण. बाटलीतल्या क्रिस्टल व्हायोलेटच्या सुरक्षा पत्रकावर डोळ्याला गंभीर इजा, कर्करोगाचा संशय आणि जलचरांना तीव्र विषारी, असे तिन्ही इशारे असतात. काँगो रेड कर्करोगकारक बेंझिडीनपासून बनतो, बेसिक फ्यूक्सिनही कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे. हे दोन वेगळ्या ट्रेमध्ये, आणि लागतील तेवढेच घ्यावेत. स्वस्त पडतं म्हणून १०० ग्रॅमची बाटली घेणारे भेटतात. शाळेच्या वापराला २५ ग्रॅमची बाटलीसुद्धा कित्येक वर्षं पुरते. प्रत्येक रंगाचं सुरक्षा पत्रक पुरवठादाराकडून मागून घ्या, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला आणि फाइल कपाटाच्या आत नको, दाराबाहेर टांगा. पत्रकाचे सोळाही विभाग कोणी वाचत बसत नाही. सांडलं तर काय ते ६ मध्ये, साठवण ७ मध्ये, हातमोजे-मास्क ८ मध्ये आणि कशाशी जमत नाही ते १० मध्ये, एवढ्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या की पुरे.

आता ओलाव्याचं. पावसात आपल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव धरतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एसी लावून २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीतली बाटली व्हरांड्यात आणून उघडली की आतल्या थंड भुकटीवर दव धरणारच. फ्रिजमधल्या बाटलीचं तर बोलायलाच नको. बंद बाटली बाहेर ठेवावी, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, बाहेरून पुसावी आणि मगच उघडावी. मिथिलीन ब्लू पाणी ओढून घेतो, मग एक ग्रॅम म्हणून मोजलेल्यात रंग कमी आणि पाणी जास्त असतं. लेबलवर डाय कंटेंट ८२ टक्के असेल तर शुद्ध रंग एक ग्रॅम हवा असताना १.२२ ग्रॅम घ्यावे लागतात, आणि ओल शिरली की हा हिशेबही कोलमडतो. कांद्याचा पापुद्रा रंगवायला याने फारसं बिघडत नाही. रंगाची गडदता मोजणाऱ्या कलरीमीटरवर आलेख काढणाऱ्या मुलांचं मात्र सगळं प्रॅक्टिकल वाकडं जातं.

वजन करायचा दिवस सकाळीच धरा, मुलं नसताना. छताचा पंखा बंद, एसीचा झोत बंद, खिडक्या लावलेल्या. उकडतं, पण अर्ध्या तासाचंच काम आहे. सुती एप्रन, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, एन-९५ मास्क. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नको. टेबलावर ओलसर पांढरा कागद पसरा. उघड्या बटर पेपरवर भुकटी घेऊन ती तराजूपर्यंत नेण्याची आपली जुनी सवय मोडायला हवी. त्याऐवजी छोटी स्क्रू-कॅपची बाटली झाकणासकट तराजूवर ठेवून शून्य करा, भुकटीच्या बाटलीशेजारी आणा, कोरड्या चमच्याने अंदाजे भुकटी घाला, झाकण लावा, बाहेरून पुसा आणि मग तोला. दोन ग्रॅम हवे होते आणि २.१ भरले तर जास्तीचे चिमूटभर काढायला जाऊ नका. द्रव त्या प्रमाणात वाढवा. काढलेली भुकटी मूळ बाटलीत परत टाकायची नाही, हे तर ठरलेलंच. सगळं आवरलं की ओल्या पांढऱ्या टिश्यूने तराजू, दाराची मूठ, नळ आणि स्वतःचं मनगट पुसा. कोरडेपणी काहीच दिसत नाही. ओल लागली की टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्याचा बोटभर जांभळा फराटा होतो, आणि भुकटी कुठवर उडाली होती ते तेव्हा कळतं.

याच सकाळी वर्षाची द्रावणं करून टाकायची. जिवाणूंच्या ग्राम रंजनासाठी २ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट २० मिलि ९५ टक्के इथेनॉलमध्ये, ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट ८० मिलि पाण्यात. दोन्ही एकत्र करून एक दिवस ठेवा, मग गाळा. सॅफ्रॅनिनचा साठा २.५ ग्रॅम १०० मिलि ९५ टक्के इथेनॉलमध्ये, वापरताना १० मिलिला ९० मिलि पाणी. रक्ताच्या रंजनाचा लीशमन ०.१५ ग्रॅम १०० मिलि मिथेनॉलमध्ये. याची बाटली अगदी घट्ट हवी, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि रंजन बिघडतं. मिथेनॉल पातळ नायट्राइलमधून लवकर आत जातं, म्हणून हातमोज्यावर सांडलं की तो लगेच बदला. पाण्याचा जडपणा मोजायला लागणारा इरिओक्रोम ब्लॅक टी द्रावणात टिकत नाही. तो कोरड्या मिठात एकास शंभर घोटून ठेवावा, चिमूट घ्यायलाही सोपं. इओसिन तपकिरी बाटलीत. अल्कोहोलची द्रावणं भुकटीच्या कपाटात नकोत, ती ज्वालाग्राही पदार्थांबरोबर, स्पिरिटच्या दिव्यापासून लांब.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चिऱ्याची भिंत जुलैत आतून घामेजते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून फूटभर वर हवी. सत्तरी-डिचोलीत २०२१च्या जुलैतला पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही. भुकट्या डोळ्यांच्या उंचीच्या खालीच, कडा असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, आणि पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून दूर. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं समजायचं, पण त्या निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा नवं घेताना नारिंगी घ्या. ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास तापवलं की जेल पुन्हा कामाला येतं. ओव्हन लॅबचा, कँटीनचा नव्हे.

सांडलंच तर पहिलं काम पंखा बंद करणं. झाडू नाही, व्हॅक्यूमही नाही. ओलसर कागद अलगद वर टाकायचा, कडेकडून मध्याकडे गोळा करायचं, पिशवीत बांधायचं. राहिलेला डाग जवळपास ज्योत नसताना स्पिरिटने पुसावा. डाग जात नाही म्हणून ब्लीच ओतण्याची घाई नको. अ‍ॅसिड-अल्कोहोल किंवा अमोनियाशी ते मिसळलं तर विषारी वायू निघतात. कातडीवर पडलं तर साबण आणि गार पाणी, उरलेला रंग चार दिवसांत आपोआप जातो, तो घासून काढू नये. डोळ्यात गेलं तर नळाखाली १५ मिनिटं, मग १०८ला फोन आणि सुरक्षा पत्रक बरोबर घेऊन इस्पितळ.

धुणाचं पाणी सिंकमध्ये सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. सिंक गटाराला, गटार ओहोळाला आणि ओहोळ मांडवीला नाहीतर झुआरीला, जिथे आपणच तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले काढतो. मॅलाकाइट ग्रीनवर तर खाण्याच्या माशांच्या शेतीत बंदी आहे. पहिलं-दुसरं धुण रुंद तोंडाच्या कॅनमध्ये साठवा, कॅनवर नाव आणि तारीख लिहा, आणि ते घातक कचरा म्हणूनच बाहेर जाऊ द्या. २०१६च्या घातक कचरा नियमांखाली कोणती कागदपत्रं लागतात ते संस्थेच्या कार्यालयाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मे महिन्यातच विचारून ठेवावं, कॅन भरल्यावर नव्हे.

शेवटचा फेरा गणेश चवथीच्या सुट्टीआधी. बाटल्या न उघडता डब्यातलं जेल बदला, लेबलं बघा, ट्रेमध्ये पाणी साचलं आहे का ते हाताने चाचपा आणि कपाटाची दुसरी चावी सुट्टीत गावात राहणाऱ्या कुणाकडे तरी देऊन त्याचं नाव दारावर लावा.