सेफेर तोरा लिहायला बसणाऱ्या बाईसाठी

मुली माझ्याकडे सेफेर तोरा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची हातानं लिहिलेली गुंडाळी, लिहायला शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी लेखणी मागतात. लेखणी मिळेल, पण आधी आपल्या विरुद्ध काय लिहून ठेवलंय ते पाठ करायचं. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथाच्या गित्तीन या भागात (45 ब) तर्क असा मांडलाय, की ज्याच्यावर तेफिलीन (तोरातल्या ओळी ठेवलेल्या चामडी डब्या, प्रार्थनेवेळी हातावर आणि कपाळावर बांधतात) बांधायची सक्ती आहे त्यानंच ही अक्षरं लिहावीत. बायकांवर ती सक्ती नाही, म्हणून त्यांचं लेखन बाद. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेनं सेफेर तोराला हाच नियम लावला, आणि ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, सिनगॉगांत (ज्यू प्रार्थनामंदिरांत) बाईनं लिहिलेली तोरा आजही वाचली जात नाही. दुसऱ्या बाजूला, चौदाव्या शतकातल्या ‘तूर’ या धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये तोरा लिहायला अपात्र कोण याची यादी आहे आणि तिच्यात बायकांचं नाव नाही. या फटीवर पुढच्या पंडितांनी पुष्कळ चर्चा केली. मी रोज सकाळी तेफिलीन बांधते. ती सक्ती मी स्वतःवर घेतली आहे आणि तिच्याच आधारावर लिहिते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. काम घेताना, पैशांचं बोलण्याआधी, ही तोरा बाई लिहिणार आहे हे समाजाच्या मंडळींना लेखी कळवा. ती पुढे कुठल्या सिनगॉगमध्ये जाईल ते आपल्या हातात नसतं. ज्यांना ती चालत नाही त्यांच्या हाती ती नकळत पडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. लपवायचं कारणही उरलेलं नाही. कॅनडाच्या एव्हिएल बार्कली 2003 मध्ये रीतसर प्रमाणपत्र मिळवून सोफेरेत, म्हणजे पवित्र ग्रंथ लिहिणारी बाई, झाल्या. 2007 मध्ये जेन टेलर फ्रीडमन यांनी आख्खी तोरा पूर्ण केली. आधुनिक काळात एकट्या बाईनं पूर्ण केलेली ती पहिली ज्ञात तोरा.

सुरुवात एस्तेरच्या मगिल्लानं, म्हणजे एस्तेर राणीच्या कथेच्या गुंडाळीनं, करा. तिच्यात देवाचं नाव एकदाही येत नाही, त्यामुळे न खोडता येणाऱ्या शब्दाची धास्ती नसते, आणि बाईनं लिहिलेली मगिल्ला जुन्या पंडितांपैकीही काहींना मान्य आहे. शिवाय ती लहान आहे. तोरात 3,04,805 अक्षरं आहेत. रोज बसलात तरी वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

साहित्याचं थोडक्यात सांगते. चर्मपत्र कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार खायला चालणाऱ्या) जनावराचंच, आणि कमावताना ‘तोराच्या पावित्र्यासाठी’ असं म्हणून कमावलेलं. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. ती काळीच हवी; तपकिरी छटा मारायला लागली की बाटली बाजूला ठेवा. लेखणीसाठी पीस टर्की पक्ष्याचं, रुंद आणि तिरकस कापलेलं, म्हणजे आडवी रेघ जाड आणि उभी बारीक उतरते. नवं पीस आधी एका कपट्यावर ‘अमालेक’ (ज्यूंचा पुरातन शत्रू) लिहून आणि ते नाव खोडून चालवून बघतात. ही जुनी रीत मी कधी चुकवत नाही.

रेघा शाईनं मारायच्या नाहीत. बोथट टोकाच्या आरीनं चर्मपत्रावर नुसता दाब द्यायचा. रेघांशिवाय लिहिलेली तोरा बाद. आजकाल बहुतेक एका स्तंभात 42 ओळी असतात आणि एका कातड्यावर किमान तीन स्तंभ. आपल्याला एक सोय आहे: देवनागरीसारखीच ही हिब्रू अक्षरंही वरच्या रेघेला लटकतात, त्यामुळे मराठी लिहिलेल्या हाताला त्याची सवय असते. उजवीकडून डावीकडे जायला मात्र वेळ लागतो.

पाठांतरावर विसंबू नका. ‘शेमा’ ही तोरातली रोजची प्रार्थना कितीही तोंडपाठ असली तरी समोर तिक्कून, म्हणजे तपासलेली नमुनाप्रत, उघडी हवी. प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं उच्चारायचा, मग लिहायचा. कामाच्या आरंभी ‘मी हे सेफेर तोराच्या पावित्र्यासाठी लिहिते’ असं तोंडानं म्हणायचं. मनात म्हटलेलं पुरेसं धरत नाहीत.

आता ‘हे’ हे एकच हिब्रू अक्षर जवळून बघा. वर छत, उजवीकडे पाय, आणि डावीकडे आत एक छोटा पाय, जो छताला लागता कामा नये. मध्ये फट हवीच, केसाएवढी का असेना, पण नजरेला दिसणारी. समजा शाई पसरली आणि पाय छताला चिकटला. हात लगेच पात्याकडे जातो: तेवढा सांधा खरवडला की झालं! तसं करायचं नाही. अक्षर लिहून घडलं पाहिजे, आजूबाजूचं खरवडून घडलेलं अक्षर बाद. म्हणून तो डावा पाय पूर्ण खरवडून काढा, जागा गुळगुळीत करा आणि पाय नव्यानं लिहा. तोरामध्ये मागे जाऊन अशी दुरुस्ती करता येते. तेफिलीन आणि मजूझात (दाराच्या चौकटीला लावायच्या चर्मपत्रात) येत नाही, तिथं अक्षरं क्रमानंच लिहावी लागतात. दोन पूर्ण झालेली अक्षरं एकमेकांना नुसती टेकली असतील, तर मधला टेकू खरवडून चालतो, कारण आकार लिहूनच झालेला असतो. हा फरक हातात मुरेपर्यंत वहीच्या वह्या भरा. माझ्या मते आकार सुंदर येण्यापेक्षा हे आधी यायला हवं.

देवाचं नाव आलं की फोन बंद असू दे. प्रत्येक नावाआधी ‘लेशेम केदुशत हाशेम’ (देवाच्या नावाच्या पावित्र्यासाठी) म्हणायचं, आणि नाव लिहिताना राजानं नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही, असा नियमच आहे. लेखणी ताजी बुडवून थेट नावाला लावत नाहीत, कारण पहिल्या टेकणीला थेंब सांडू शकतो. आधीच्या शब्दाचं एक अक्षर मुद्दाम शिल्लक ठेवा, शाई घ्या, ते अक्षर लिहा आणि मग नाव. नाव खोडता येत नाही. ते चुकीच्या जागी पडलं तर आख्खं कातडं गेनिझात, म्हणजे बाद झालेलं पवित्र लेखन ठेवायच्या जागी, जातं. त्यामुळे नाव येणाऱ्या ओळी मी डोळे ताजे असताना, सकाळीच लिहिते.

तपासणी दुहेरी करा. संगणकाला कातड्यांची चित्रं दिली की गळलेलं किंवा दुप्पट झालेलं अक्षर तो पटकन पकडतो. चिकटलेल्या अक्षरांसाठी जाणकार माणसाचे डोळेच लागतात, आणि ते तुमचे नसावेत.

मग शिवण. गिदीन, म्हणजे कोशर जनावराच्या स्नायूंचा दोरा, आधी पाण्यात मऊ करा आणि मागच्या बाजूनं टाके घाला. वर, खाली आणि मध्ये थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर गुंडाळताना कातडं फाटतं.

पूर्णत्वाच्या सोहळ्यासाठी शेवटच्या ओळींतली काही अक्षरं नुसत्या बाह्यरेषांत ठेवतात आणि पाहुण्यांना ती भरण्याचा मान देतात. कुणाचा हात थरथरत असेल तर त्यांनी तुमच्या लेखणीला नुसतं बोट लावावं, अक्षर तुम्ही भरा. टेबलाशी एका वेळी एकच पाहुणा येईल आणि शाईची बाटली तुमच्याच हाताशी राहील, एवढी व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवा.