बंपरमधला हवेचा अडथळा कमी करताना

गाडीच्या बंपरमध्ये हवा अडू नये म्हणून केलेल्या या कामाचा फायदा ताशी ६० किमीच्या खाली जेमतेमच जाणवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे इंधनाची खरी बचत मोकळ्या रस्त्यावर, ८० ते १०० च्या स्थिर वेगाला.

आधी पुढचा बंपर. जाळीतून शिरलेली हवा इंजिनाच्या खोलीत अडखळते आणि तो भार इंजिनच ओढते. ४ मिमी जाडीचा पोकळ प्लास्टिक शीटचा तुकडा कापून वरची जाळी आतून झाकली, केबल टायने बांधली. खालची उघडीच ठेवली, कारण एसीच्या कंडेन्सरलाही वारा लागतो. ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे छोटे यंत्र) कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान बघत राहायचे. नेहमीपेक्षा चढले किंवा पंखा सारखा फिरू लागला तर शीट लगेच काढायची. घाटात आणि भर उन्हाळ्यात ती नकोच.

मागचा बंपर जास्त त्रासदायक. त्याची आतली पोकळी गाडीखालची हवा पॅराशूटसारखी पकडते. स्टेपनीच्या खळग्यापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत २ मिमी एबीएस (कडक प्लास्टिक) शीट लावली. शीटचा चढ १० अंशांच्या आत हवा, नाहीतर हवेचा प्रवाह शीटपासून सुटतो. ६ मिमी बोल्टखाली रुंद वॉशर घालाच. नसतील तर कंपनाने भोके फाटत जातात. सायलेन्सरजवळ प्लास्टिक वितळते, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सगळीकडून ५ सेंमी अंतर. पाणी निघायला सर्वांत खाली १० मिमीची भोके पाडली.

सेन्सर आणि टोइंग हुकची जागा झाकू नका. मायलेज मोजताना टायरचा दाब तोच, रस्ता तोच, जाऊन-येऊन, टाकी फुल ते फुल.