‘हलकं काम’ म्हणजे नेमकं कोणतं?

जखमी किंवा आजारी जवानासाठी दिलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसतं ‘हलकं काम द्यावे’ असं असेल तर ती परत पाठवा. तेवढ्या शब्दांवर तो हमखास स्टोअरमध्ये नाहीतर स्वयंपाकघरात जातो, आणि ही दोन्ही कामं मुळीच हलकी नाहीत. पाण्याचा २० लिटरचा कॅन भरला की २० किलोच्या वर जातो, आणि तो दिवसातून कितीदा उचलावा लागतो हे कोणी मोजत नाही.

चिठ्ठीत हे हवं: किती किलो उचलेल, सलग किती वेळ उभा राहील, पायऱ्या चढेल का, दोन्ही हातांची पकड, कान, रात्रीची नजर, औषधाने झोप येते का, आणि फेरतपासणीची तारीख.

मग कामाचं माप काढा, तेही जागेवर जाऊन. टेलिफोन एक्सचेंज बसून चालवायचं, म्हणून गुडघा गेलेल्याला दिलं. पण एक्सचेंज तळघरात, खाली जायला उभी शिडी! त्याच माणसाला शस्त्रदुरुस्तीच्या टेबलावर किंवा शिधावाटपाच्या हिशेबाला बसवा. झोपेची गोळी घेणाऱ्याला पहारा आणि गाडी दोन्ही वर्ज्य. कमी ऐकू येणाऱ्याला ‘नाहीतरी ऐकू येत नाही’ म्हणून जनरेटरपाशी नेमतात. उरलेले कानही त्यात जातात. लष्करात येण्यापूर्वी काय करत होता, हे आधी विचारा. शिंपी, वीजतंत्री, कारकून असा हात रांगेतच सापडतो.

प्रत्येक नेमणुकीपुढे एक रकाना ठेवा: याच्यामुळे कोणता धडधाकट जवान मोकळा झाला? रकाना रिकामा राहिला तर तुम्ही माणूस कामाला लावला नाही, नुसता बसवला. स्टोअरचा ताबा देताना जुन्या-नव्याने मिळून माल मोजावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात. नाहीतर महिन्याने निघालेली तूट नव्याच्या माथी येते.

अशा जवानांची वेगळी तुकडी केलीत, तर तिचं नावही विचार करून निवडा. अमेरिकी यादवी युद्धात १८६३ साली अशा सैनिकांची ‘इनव्हॅलिड कोअर’ (अपंग सैनिकांची तुकडी) उभारली. तिची आद्याक्षरं ‘आय.सी.’ आणि नापास मालावरचा शिक्काही ‘आय.सी.’च; चेष्टा व्हायला आणखी काय लागतं? १८६४ मध्ये नाव बदलून ‘व्हेटरन रिझर्व्ह कोअर’ केलं.

फेरतपासणीची तारीख कंपनीच्या रोजच्या हजेरीपटावर लिहा. दवाखान्याच्या फायलीत राहिली की बरा झालेला जवान तिथेच अडकतो, आणि बिघडलेलाही.