मुरूम-खडीच्या रस्त्यांसाठी सायकलचे टायर निवडताना या चुका टाळा

कोल्हापूरहून पन्हाळ्यामार्गे मसाई पठाराकडे सामान लादून निघालेल्या सायकलस्वाराला डांबर, खडी, मुरूम आणि उघडा जांभा हे सारे एकाच दिवसात भेटते. अशा प्रवासासाठी टायर घेताना बहुतेक जण आधी नक्षी पाहतात, आणि पहिली चूक तिथेच होते. उंच गुट्ट्यांचा, म्हणजे रबराच्या ठळक उंचवट्यांचा, टायर चिखलात उपयोगी पडतो. घट्ट मुरमावर त्याचा फारसा फायदा नाही आणि डांबरावर तो गुरगुरत दमवतो. खडीवर खरी मदत रुंदीची होते. सामानासह जाणाऱ्याने ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचा, मधे जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला बारीक गुट्ट्या असलेला टायर पाहावा. मात्र टायर आणि फ्रेम-मडगार्ड यांच्यात दोन्ही बाजूंनी निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा उरते का, हे आधी मोजावे, कारण पावसाळ्यात तांबडा चिखल तिथे थापला जाऊन चाकच अडते.

मापातही फसगत होते. ७००सी आणि २९ इंची टायर एकाच ६२२ मिलिमीटरच्या रिमवर बसतात, परंतु जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ टायर ६३५ चा असतो. म्हणून इंचांवर विसंबू नये. टायरच्या बाजूवर छापलेला ४०-६२२ असा आकडा वाचावा; त्यात ४० ही टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

हवेबाबतची चूक सर्वांत महागात पडते. बाजूवर लिहिलेला सर्वाधिक दाब ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. तेवढी हवा भरली की चाक प्रत्येक गोट्यावर उडते, पकड सुटते आणि मनगटे भरून येतात. उलट हवा फार कमी असेल, तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. स्वाराचे वजन सुमारे ७० किलो आणि सामान १५ किलो असेल, तर ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ४० आणि मागे ५० पीएसआयपासून सुरुवात करून अनुभवाने कमी-जास्त करावे. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने दोन्हीकडे सारखी हवा भरू नये. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज रुंद टायरच्या बाबतीत हमखास चुकतो, तेव्हा मीटर असलेला पंप बाळगावा.

वजन वाचवण्यासाठी पातळ बाजूंचा टायर घेणे ही चूक मी स्वतः केली आहे. फुटलेल्या जांभ्याच्या कडेने टायरची बाजू बोटभर चिरली आणि ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली. जुन्या टायरचा तुकडा आतून लावून, हवा कमी ठेवून कसाबसा परतलो. तेव्हापासून तसा तुकडा कायम पिशवीत असतो, आणि टायर घेताना वजनाआधी मी बाजूची जाडी पाहतो.

पंक्चर वारंवार होत असेल, तर नुसते ठिगळ लावून पुढे जाऊ नये. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडील बाजूस असेल, तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचे टोक वर आले आहे, असे समजावे. भोक बाहेरच्या बाजूस असेल, तर बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच अडकलेले असू शकते. ते जपून, आतून कापडाचा बोळा फिरवून शोधावे.

मागचा टायर आधी झिजतो. नवा टायर मात्र पुढे बसवावा आणि पुढचा मागे न्यावा, कारण घाटाच्या उतारावर पुढचे चाक सुटले, तर सावरायला संधी मिळत नाही.